दार आतून लागतं, एवढ्यासाठीच चार तारे

घर सुटलेल्या मुलामुलींसाठीच्या या निवासात राहायला येणार असाल तर आधी दाराबद्दल सांगतो. प्रत्येकाला वेगळी खोली, स्वतःची चावी आणि आतून लॅच. दुसरी चावी ऑफिसात असते, पण आग लागली किंवा कुणाची तब्येत बिघडली तरच ती वापरायची, असं लेखी दिलंय. एरवी इथे काम करणाऱ्या ताई टकटक करून खरोखरच थांबतात. रात्र निवाऱ्यात बूट उशाखाली घेऊन झोपलेल्यांना याची किंमत सांगायला नको.

आर्किटेक्टने डोकं चालवलंय. पलंग असा लावलाय की पडल्यापडल्या दार दिसतं, आणि दिव्याचं बटण हाताशी आहे. एका मजल्यावर मोजक्याच खोल्या असल्याने लांबलचक अंधारा पॅसेज नाही. जिन्याच्या वळणावर खिडकी आहे, त्यामुळे वर कोण उभंय ते चढण्याआधीच कळतं. स्वागताच्या टेबलाला काच नाही, समोरासमोर बोलता येतं.

मला सगळ्यात आवडलं ते फाटक. त्यावर संस्थेची पाटी नाही, नुसता घर नंबर. नोकरीच्या अर्जात तो पत्ता कुठल्याही इमारतीसारखा दिसतो, कुणी भुवया उंचावत नाही. बँक खातं, ओळखपत्र, सगळं पत्त्यावाचून अडतं. इथे टपालाला प्रत्येकाचा कुलपाचा कप्पा आहे. खोलीतही कागदपत्रांसाठी कुलूपवाला ड्रॉवर आहे. तो छोटा असला तरी पुरतो.

आता रडगाणं. कॉमन रूममध्ये सगळीकडे फरशी आणि उंच छत, त्यामुळे टीव्ही लागला की नुसता घुमतो. रात्रपाळी करून दिवसा झोपणाऱ्याची वाट लागते. आवाज शोषणारे पॅनेल लावा म्हणून मी लिहून दिलंय, ‘बघू’ झालंय. कपडे धुवायचं मशीन एकच. रविवारी तिकडे फिरकूच नका.

मोठा आक्षेप अटींवर आहे. राहायचं तर काम किंवा शिक्षण चालू हवं, आणि दोन वर्षांत जागा सोडायची. ही पद्धत मुळात फ्रान्समधल्या ‘फ्वाये’ची. दुसऱ्या महायुद्धानंतर कामासाठी शहरात आलेल्या तरुणांना तिथे अशी वसतिगृहं मिळाली. ब्रिटनने १९९२ पासून ती बेघर तरुणांसाठी वापरली. फिनलंडने २००८ पासून उलटं केलं: आधी घर द्या, बाकीचं मागाहून. मला फिनलंडचं पटतं. माझी नोकरी गेली त्याच आठवड्यात अटीची आठवण करून देणारं पत्र आलं. काढलं नाही, मुदत दिली, अर्ज भरायला ताई शेजारी बसल्या, हे मान्य. पण ते पत्र हातात असताना मुलाखतीची तयारी काय कप्पाळ होणार?

अर्थात दुसरी बाजूही आहे. अट नसती तर आमच्या मजल्यावरचे दोघे प्रशिक्षणाला गेलेच नसते, असं ते स्वतःच म्हणतात. त्यांचं त्यांना ठाऊक.

खोली निवडायला मिळालीच तर वरच्या मजल्यावरची, कॉमन रूमच्या उलट्या बाजूची मागा. दोन वर्षांनंतर पुढे काय, कुणी मदत करणार का, हे पहिल्याच मुलाखतीत विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मी घेतलं नव्हतं, आता मागतोय.