फी भरून फसलोय, आता जायचं कुठे: ग्राहक आयोग, यूजीसी, पोलीस की हायकोर्ट?

गेल्या दोन महिन्यांत तीन जणांनी मला हाच प्रश्न विचारला, त्यातले एक गोव्यातल्या पेडण्याचे काका तर मुलाची फाईल घेऊन घरीच आले, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते. प्रश्न एकच, इन्स्टिट्यूटनं फसवलंय, पैसे देत नाहीत, तर तक्रार करायची कुठे? चार दारं आहेत आणि चारही ठिकाणी एकदम धावलं की कुठेच धड काही होत नाही, हे आम्ही स्वतः भोगलंय.

आमची केस सांगते. भाचीनं बारावीनंतर म्हापशात एका अकॅडमीत एअरलाइन आणि हॉस्पिटॅलिटीची डिग्री म्हणून ॲडमिशन घेतली, दोन हप्त्यांत १ लाख ८० हजार भरले, ब्रोशरवर बाहेरच्या राज्यातल्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीचं नाव मोठ्या अक्षरांत, खाली 'अफिलिएटेड', म्हणजे संलग्न. सहा महिने झाले तरी एनरोलमेंट नंबर येईना, विचारलं की काउन्सिलर म्हणायची पुढच्या आठवड्यात. शेवटी ताईनं युनिव्हर्सिटीला ईमेल केला तर चार दिवसांत उत्तर, या नावाचं आमचं कुठलंही सेंटर नाही. त्या रात्री आम्ही पावती पहिल्यांदा नीट बघितली. ब्रोशरवर युनिव्हर्सिटी, पण पावतीवर कुणा भलत्याच प्रायव्हेट लिमिटेडचं नाव, निळा रबरी शिक्का, 'कोर्स' या रकान्यात फक्त 'ट्रेनिंग' आणि तळाला बारीक अक्षरांत नॉन रिफंडेबल. सगळी गोष्ट त्या एका कागदावर होती, आम्ही तो घडी घालून कपाटात ठेवला होता.

तेव्हा सगळ्यात आधी पावती काढा. तुमची संस्था कागदावर काय आहे यावरच दार ठरतं. आपल्याकडे कॉलेज उघडपणे नफ्यासाठी चालवता येत नाही, ट्रस्ट नाहीतर सोसायटी वगैरे लागते, आणि सुप्रीम कोर्टानं २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात स्पष्ट म्हटलंय की संस्थेच्या वाढीपुरती वाजवी शिल्लक चालेल, नफेखोरी आणि कॅपिटेशन फी (प्रवेशासाठी वरून घेतलेले पैसे) चालणार नाही. त्यामुळे ज्यांना उघड धंदा करायचाय ते कॉलेज काढत नाहीत, अकॅडमी काढतात आणि कुणा युनिव्हर्सिटीचं नाव लावतात. आणि हे माहीत असतं तर आम्ही पहिल्याच दिवशी उठून आलो असतो, की यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २००३ च्या नियमांप्रमाणे प्रायव्हेट युनिव्हर्सिटीला बाहेरची कॉलेजं अफिलिएट करताच येत नाहीत. म्हणजे बाहेरच्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीशी अफिलिएटेड अशी पाटी गोव्यात दिसली तर ते वाक्यच खोटं.

आता कॉलेज खरंखुरं असेल, म्हणजे गोवा विद्यापीठाशी संलग्न किंवा यूजीसीच्या यादीतली युनिव्हर्सिटी, तर माझं मत सरळ आहे, यूजीसीच्या वाटेनं जा. खर्च शून्य आणि नियम तुमच्या बाजूचे. ॲडमिशन रद्द केली तर फी किती परत मिळणार याचा तक्ता यूजीसीनं २०१८ मध्येच दिलाय: ॲडमिशनच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी सोडलं तर १०० टक्के (प्रोसेसिंगचे म्हणून जास्तीत जास्त ५ हजार कापू शकतात), १५ दिवसांच्या आत आलं तर ९०, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, ३० दिवसांपर्यंत ५०, नंतर काही नाही. आणि ओरिजिनल मार्कशीट, लिव्हिंग सर्टिफिकेट कॉलेजला अडकवून ठेवता येत नाही, बघून लगेच परत द्यायचं. २०२३ च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे कॉलेजातल्या समितीनं १५ कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, पटलं नाही तर १५ दिवसांत ओम्बड्सपर्सनकडे अपील, ते युनिव्हर्सिटीनं नेमलेले निवृत्त कुलगुरू, प्राध्यापक किंवा जिल्हा न्यायाधीश असतात, त्यांना ३० दिवस. कॉलेजनं ऐकलं नाही तर अनुदान रोखण्यापासून संलग्नता काढायची शिफारस करण्यापर्यंत यूजीसी जाऊ शकते, आणि कॉलेजवाले कोर्टापेक्षा त्याला जास्त भितात. कमी एवढीच की पहिली पायरी त्याच कॉलेजातल्या लोकांची, त्यामुळे पोरं घाबरतात, इंटर्नलचे मार्क कापतील म्हणून. भीती खोटी नाही, पण तक्रार कॉलेजच्या ऑनलाइन पोर्टलवरून टाकली की तारखेची नोंद राहते.

पण संस्था अकॅडमी असेल तर यूजीसीकडे वेळ घालवू नका. डिग्री द्यायचा अधिकार नसताना डिग्री देणाऱ्याला यूजीसी कायद्यात दंड आहे, कलम २४, किती तर जास्तीत जास्त १ हजार रुपये, १९५६ चा कायदा आहे आणि आकडा तिथेच राहिलाय. हे वाचून ताई रडली होती.

अशा वेळी माझी पहिली पसंती ग्राहक आयोग, आणि याबद्दल जरा सविस्तर लिहिते कारण लोक यालाच सगळ्यात कमी लेखतात. उत्तर गोव्याचा आयोग पर्वरीला, दक्षिणेचा मडगावात. तुम्ही भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी शून्य, जिल्हा आयोगात ५० लाखांपर्यंतच्या केसेस चालतात, वकील सक्तीचा नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं मोठी सोय केली ती म्हणजे तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथेच तक्रार करता येते, तेव्हा इन्स्टिट्यूट बेळगावची असो की पुण्याची, तुम्ही डिचोलीचे असाल तर केस पर्वरीलाच, हेलपाटे त्यांनी घालायचे. नोटीस मिळाल्यावर समोरच्यानं ३० दिवसांत उत्तर द्यायचं, फार तर आणखी १५, आणि ४५ दिवसांनंतर आलेलं उत्तर घ्यायचं नाही असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं २०२० मध्ये सांगितलंय. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत तर कलम ७२ खाली एक महिना ते तीन वर्षं कैद होऊ शकते किंवा किमान २५ हजार दंड किंवा दोन्ही. कायद्यात तीन महिन्यांत निकाल असं आहे, पण तारखा पडतात, वर्ष सहज जातं असं धरून चाला.

यात एक मोठी मेख आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं जानेवारी २०२० मध्ये मनू सोळंकी केसमध्ये ठरवलं की शिक्षणसंस्था, अगदी व्होकेशनल कोर्ससुद्धा, ग्राहक कायद्यात येत नाहीत, फक्त कोचिंग क्लास येतात. त्यावरचं अपील सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी दाखल करून घेतलं. म्हणून खऱ्या कॉलेजविरुद्ध ग्राहक आयोगात गेलात तर पहिल्याच तारखेला समोरचा वकील हा निकाल पुढे करतो. पण मान्यता खोटी सांगून पैसे घेतले असतील तर २००९ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, बुद्धिस्ट मिशन डेंटल कॉलेज, बिहारचं कॉलेज, मगध युनिव्हर्सिटीची संलग्नता आणि डेंटल कौन्सिलची मान्यता नसताना मुलांना बीडीएसला घेतलं होतं, तिथे मुलांना ग्राहक धरून पैसे आणि भरपाई दिली. म्हणून तक्रार लिहिताना 'शिकवणं चांगलं नव्हतं' हे मधोमध ठेवू नका, 'मान्यता नसताना आहे असं सांगितलं' हे पहिल्या परिच्छेदात आलं पाहिजे. आमच्या पहिल्या ड्राफ्टमध्ये दीड पान एसी चालत नाही आणि टीचर बदलतात यावरच होतं, ओळखीच्या वकीलबाईंनी सगळं काढून टाकलं.

आणि ग्राहक आयोगाची मुदत! दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. 'पुढच्या आठवड्यात' ऐकत बसलात तर ती संपते.

पोलिसांचं दार वेगळ्या कामाचं. तिथे शिक्षा होते, पैशांची वसुली हे त्यांचं काम नाही आणि कोर्टंही ते वारंवार सांगतात. फसवणूक म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), सात वर्षांपर्यंत, १ जुलै २०२४ च्या आधीचं प्रकरण असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं ४२०. पोलीस हमखास म्हणतात हे सिव्हिल मॅटर आहे. म्हणून तोंडी सांगू नका, लेखी द्या, घेतलं नाही तर एसपींना पोस्टानं पाठवा, तरीही नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. नुसतं प्लेसमेंट दिलं नाही एवढंच असेल तर मी पोलिसांत जा म्हणणार नाही, सुरुवातीपासून फसवायचा हेतू दाखवावा लागतो आणि ते अवघड. खोटं संलग्नता-पत्र किंवा बनावट सर्टिफिकेट हातात असेल तर जरूर जा, आणि पाच-दहा पोरं मिळून गेलात तर फरक पडतो.

मधेच इन्स्टिट्यूटवाले पुढच्या तारखेचा चेक देतात आणि लोक तक्रार मागे घेतात. मागे घेऊ नका, चेक वटल्यावर बघू म्हणा. बाऊन्स झाला तर बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्यांना १५ दिवस, नंतर महिन्याभरात १३८ ची (चेक न वटल्याच्या कलमाची) केस, या तारखा चुकल्या तर ती वाट अवघड होते.

हायकोर्ट, म्हणजे पर्वरीचं मुंबई हायकोर्टाचं गोवा खंडपीठ, हे मी फक्त एका परिस्थितीत सुचवेन, परीक्षा तोंडावर आहे, कॉलेज खरं आहे आणि फीच्या भांडणावरून हॉलतिकीट किंवा रिझल्ट अडवलाय. तिथे वेळ हीच गोष्ट महत्त्वाची आणि अंतरिम आदेश तिथेच लवकर मिळू शकतो. वकिलाचा खर्च मात्र आहे. मुलगी तक्रारदार असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, बायकांना उत्पन्नाची अट नाही, १५१०० वर फोन करा. आम्हाला हे फार उशिरा कळलं.

शिक्षणकर्ज काढलेल्यांसाठी. अमेरिकेत कोरिंथियन नावाची कॉलेजांची कंपनी २०१५ मध्ये बंद पडली, तिच्या फसव्या जाहिरातींचा निवाडा व्हायला वर्षं गेली आणि जून २०२२ मध्ये तिथल्या शिक्षण खात्यानं ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचं ५.८ अब्ज डॉलर कर्ज माफ केलं, कारण कर्ज सरकारचं होतं आणि कॉलेजनं फसवलं हे कर्ज न फेडायचं कारण म्हणून कर्जदाराला कायद्यानं सांगता येत होतं. आपल्याकडे बँक म्हणते आमचा काय संबंध. म्हणून ईएमआय थांबवू नका, सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) पोराचाच खराब होतो. भरलेलं व्याज ग्राहक आयोगाच्या तक्रारीत नुकसान म्हणून वेगळं मागा, बँकेचं स्टेटमेंट जोडून.

आमचं काय झालं ते सांगते. भाचीची बारावीची ओरिजिनल मार्कशीट अकॅडमीनं ठेवून घेतली होती, तीन महिने मागत होतो. पोलीस स्टेशनला लेखी अर्ज दिला आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अकॅडमीचा माणूस स्कूटरवरून घरी आणून देऊन गेला. पैशाचं मात्र तिथे काहीच हललं नाही. ते पर्वरीला आयोगात आहे, नोटीस लागली, ४५ दिवस उलटले, त्यांचं उत्तर आलं नाही, पुढच्या तारखेला आमचं ॲफिडेव्हिट आहे. भाची त्याच मार्कशीटवर यंदा बीकॉमला लागली, सकाळची कदंबा बस पकडून जाते.