गुडइयर एन्ड्युरन्स: ट्रॅव्हल ट्रेलरसाठी दणकट टायर

अमेरिकेतल्या ट्रॅव्हल ट्रेलरवाल्यांनी (ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर) गुडइयर एन्ड्युरन्सचा एसटी225/75आर15 (हे ट्रेलर टायरचं माप), लोड रेंज ई (भार पेलण्याची श्रेणी) हा टायर डोळे झाकून घ्यावा; मात्र बसवताना डोळे उघडे हवेत. 80 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) दाबाला तो 2,830 पौंड पेलतो. हा दाब टायर थंड असतानाच मोजायचा. हवा कमी असली की बाजूची भिंत सतत दुमडते, तापते आणि टायर फुटतो. दोष मात्र टायरला!

हवा भरायचा साधा रबरी व्हॉल्व्ह 65 पीएसआयपर्यंतचाच, त्यामुळे धातूचा बसवून घ्या. रिमही 80 पीएसआय सोसणारी हवी. चाकाचे नट टॉर्क रेंचने (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना) समोरासमोरच्या जोड्यांनी आवळा, पहिल्या 50 मैलांत पुन्हा तपासा. विकत घेताना टायरच्या बाजूवर छापलेल्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे, म्हणजे तो कधी बनला ते, वाचा: 2324 म्हणजे 2024 चा 23वा आठवडा. जुना माल सवलतीतही नको.