संशोधन संस्था की विद्यापीठ? पोस्टडॉकनंतरची निवड

गणितातल्या पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदाची, मुदत संपत आलीय आणि दोन जागा समोर आहेत: एक निव्वळ संशोधनाच्या संस्थेत, दुसरी शिकवावं लागणाऱ्या विद्यापीठात. संस्थेकडे मन ओढ घेणारच. तरी जरा थांबा.

१९३० साली स्थापन झालेल्या प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत वर्ग नाहीत, परीक्षा नाहीत, पदव्याही नाहीत. १९५८ साली सुरू झालेली पॅरिसजवळची आयएचईएस ही गणित-संशोधन संस्था याच धर्तीची. तिथल्या सुमारे बारा वर्षांत गणिती ग्रोथेन्डीक यांनी बैजिक भूमितीचा (समीकरणांतून आकारांचा अभ्यास करणाऱ्या शाखेचा) पाया नव्यानं रचला. मात्र त्यातलं कितीतरी काम सेमिनारमध्ये, फळ्यासमोर, ऐकणाऱ्यांच्या साथीनं झालं.

विद्यापीठात वेळ जातो, हे खरंच. व्याख्यानं, उत्तरपत्रिका, समित्या. सकाळी जुळत आलेला युक्तिवाद दुपारच्या तासानंतर पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. याची भरपाई सुट्टीत होते, तीही अर्धीमुर्धी.

पण सिद्धता सहा-सहा महिने जागची हलत नाही, तेव्हाचं काय? संस्थेत त्या दिवसांत हाताला दुसरं काहीच नसतं, आणि भल्याभल्यांचं मन तिथे खचतं. विद्यापीठात निदान एक तास तरी नीट शिकवल्याचं समाधान मिळतं. कधी त्याहून मोठं काही हाती लागतं. १८५८ मध्ये झुरिकला कलनशास्त्र शिकवताना जर्मन गणिती डेडेकिंड यांना जाणवलं, की वास्तव संख्यांना पक्का पायाच नाही. त्यातूनच पुढे १८७२ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘डेडेकिंड छेद’, म्हणजे वास्तव संख्यांची काटेकोर व्याख्या, आले. प्राथमिक विषय शिकवणं म्हणजे वेळेची नासाडी, असं मानणाऱ्यांनी हे जरूर आठवावं.

गणिती यीतांग झांग यांचंही उदाहरण देतात: न्यू हॅम्पशायर विद्यापीठात लेक्चरर असताना, २०१३ मध्ये, ७ कोटींपेक्षा कमी अंतराच्या मूळ संख्यांच्या अनंत जोड्या आहेत हे त्यांनी सिद्ध केलं. त्यावर भिस्त मात्र ठेवू नका. लेक्चरर होण्याआधी कित्येक वर्षं त्यांना विद्यापीठात जागाच मिळाली नव्हती.

शिवाय अशा संस्थांत कायम जागा मोजक्याच असतात. बहुतेक जण वर्ष-दोन वर्षांसाठी येतात. पुढची वाट स्पष्ट दिसतेय आणि फक्त सलग वेळ हवाय, तर मुदतीची जागाही घ्या. नाहीतर विद्यापीठातली कायम जागा धरा आणि सबॅटिकलला, म्हणजे संशोधनासाठी मिळणाऱ्या दीर्घ रजेत, संस्थेत जा. होकार देण्यापूर्वी आठवड्याला किती तास शिकवायचंय आणि पीएच.डी.चे विद्यार्थी घेता येतील का, हे लेखी विचारून घ्या.