फोटोतले देवदार आम्हाला उशिरा दिसले

गेल्या डिसेंबरात धाकट्या बहिणीबरोबर दोन दिवसांचा बेत आखला होता. पहिल्या दिवशी कळसूबाई, रात्री भंडारदऱ्याला जलाशयाकाठी तंबूत मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कयाकिंग. शिखर आम्ही आमचे चढणार होतो. तंबू आणि कयाक यांसाठी समाजमाध्यमावर एक जाहिरात सापडली. दोघांचे मिळून २,४०० रुपये आगाऊ मागितले, ते मी यूपीआयने भरले. निघण्याच्या आदल्या रात्री 'लाइफ जॅकेटची अनामत, परत मिळणारी' म्हणून आणखी २,००० मागितले. एकदा पैसे गुंतले की माणूस दुसऱ्यांदा फारसा विचार करत नाही; मीही केला नाही.

कसाऱ्याहून जीपने पायथ्याचे बारी गाव गाठून आम्ही १,६४६ मीटरचे ते शिखर, लोखंडी शिड्यांवरच्या गर्दीसह, दुपारपर्यंत उरकले. संध्याकाळी भंडारदऱ्याच्या शेंडी गावात उतरलो तेव्हा पाठवलेले लोकेशन तिथल्या विल्सन धरणाच्या पाण्यात, काठापासून बरेच आत दिसत होते. आयोजकाचा फोन लागेना. तंबू भाड्याने देणाऱ्या एका मावशींना नाव दाखवले, तर त्या चहा गाळता गाळता म्हणाल्या, "या नावाचं इथं काही नाही. याच महिन्यात तुमच्यासारखे आणखी दोघं येऊन गेले."

नुकसान इथेच थांबले असते, पण पाऊण तासाने त्याच माणसाचा फोन आला. वनखात्याने अचानक परवानगी नाकारल्याचे सांगून त्याने अत्यंत नम्रपणे माफी मागितली आणि पूर्ण ४,४०० रुपये परत करण्यासाठी एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करून पिन टाकला की रक्कम जमा होईल, असे त्याचे म्हणणे होते. बहीण "दादा, थांब" म्हणेपर्यंत माझा पिन टाकून झाला होता. स्क्रीनवर 'पैसे द्या' असे स्पष्ट लिहिलेले होते, परंतु परत मिळण्याच्या आशेने मी फक्त आकडा वाचला. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे मी स्वतः आईला दोनदा समजावून सांगितले होते.

बहिणीने तिथूनच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन केला आणि व्यवहाराचे क्रमांक दिले. घटना घडून अर्धा तासही झाला नसल्यामुळे असेल, क्यूआर कोडवरून गेलेले ४,४०० समोरच्या खात्यात गोठवले गेले. आधीचे मात्र केव्हाच पुढे सरकले होते. म्हणून तक्रारीला उशीर करू नये, आणि लाज वाटली म्हणून तर मुळीच करू नये.

रात्री मावशींच्याच तंबूत, पिठले-भाकरी खाऊन झाल्यावर, बहिणीने जाहिरातीतला फोटो मोठा करून माझ्यापुढे धरला. लाल कयाक, निळे पाणी आणि मागच्या उतारावर उभे देवदारांचे रान. सह्याद्रीत कारवी मिळेल, हिरडा मिळेल. देवदारांसाठी हिमालयात जावे लागते. नोंदणीपूर्वी मावशींच्यासारख्या कोणा स्थानिकाला एक फोन केला असता, तरी तेवढ्याने भागले असते.

परवा तोच फोटो पुन्हा दिसला. आता नाव वेगळे आहे आणि ठिकाण पवना लिहिले आहे.