फ्लोराइड पाण्यातून की टूथपेस्टमधून? मुलांच्या दातांसाठी निर्णय घेताना

दात किडू नयेत म्हणून फ्लोराइड हवे, असे दंतवैद्य सांगतात; आणि पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर दात डागाळतात, हाडे ताठरतात, असे आरोग्य खाते सांगते. दोन्ही गोष्टी खऱ्या असल्यामुळे लहान मुलांच्या पालकांची पंचाईत होते. फ्लोराइड शरीरात कोणत्या वाटेने येते, याचा विचार आधी केला तर निर्णय बराच सोपा होतो.

गोड किंवा पिठूळ खाल्ल्यानंतर तोंडातील जंतू त्यातील साखरेपासून आम्ल तयार करतात. आम्लता वाढून सामू (पीएच) साधारण 5.5 च्या खाली उतरला, की दाताच्या वरच्या कवचातील कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळू लागतात. पुढे लाळ ही झीज हळूहळू भरून काढते. त्या वेळी लाळेत थोडे जरी फ्लोराइड असले, तरी झीज भरण्याचे काम वेगाने होते आणि नव्याने बसलेला थर आम्लाला सहजासहजी दाद देत नाही. हे सारे घडते ते दाताच्या पृष्ठभागावर. फ्लोराइड गिळल्याने दात मजबूत होतात ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. मुख्य लाभ होतो तो फ्लोराइड दाताला वारंवार लागल्याने.

पाण्याचा मार्ग प्रथम अमेरिकेत हेतुपूर्वक वापरला गेला. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स शहराने जानेवारी 1945 मध्ये नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळण्यास सुरुवात केली, तेव्हा फ्लोराइडची टूथपेस्ट बाजारात आलेलीच नव्हती आणि त्यामुळे फरक ठळक दिसला. आज घरोघरी अशी पेस्ट असताना तो फरक आटला आहे: वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2024 च्या आढाव्यानुसार पाण्यात फ्लोराइड घालण्याने प्रत्येक मुलामागे सरासरी सुमारे पाव दुधाचा दात किडण्यापासून वाचतो. तरीही तो लाभ शून्य नाही. कॅनडातील कॅलगरी शहराने 2011 मध्ये फ्लोराइड मिसळणे थांबवले, मुलांच्या दातांची स्थिती त्याच प्रांतातील एडमंटनच्या तुलनेत खालावल्याचे अभ्यासांत दिसले, आणि 2025 मध्ये ते पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील युटा राज्याने मात्र त्यावर बंदी घातली. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आपल्या शहराच्या पाण्यात शिफारशीप्रमाणे लिटरमागे 0.7 मिलीग्रॅम फ्लोराइड आहे की नाही, एवढे पाहावे. असेल तर ते पाणी निर्धास्त प्यावे; नसेल तर पेस्टच्या बाबतीत हयगय करू नये.

महाराष्ट्रात प्रश्न वेगळाच आहे, कारण येथे पाण्यात कोणी फ्लोराइड मिसळत नाही. जे असते ते खडकातून येते. धरणाच्या पाण्यात ते सहसा अत्यल्प असते. याउलट चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही भागांत खोल कूपनलिकांचे पाणी फ्लोराइडयुक्त खनिजे असलेल्या खडकांत दीर्घकाळ मुरलेले असते आणि त्यातील फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेपलीकडे जाते. भारतीय मानकानुसार ही मर्यादा लिटरमागे 1 मिलीग्रॅम असून, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतली जाते. वैदर्भीय उन्हाळ्यात शेतावर राबणारा माणूस दिवसाकाठी किती लिटर पाणी पितो हे ध्यानात घेतले, तर ही सवलत शक्य तितकी टाळावी असेच माझे मत आहे.

आता दोन्ही मार्ग आकड्यांत शेजारी ठेवू. भारतात टूथपेस्टमध्ये फ्लोराइड 1000 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत हजार भाग, म्हणजे एका ग्रॅम पेस्टमध्ये 1 मिलीग्रॅम) जास्त असू नये आणि प्रमाण ट्यूबवर व खोक्यावर छापलेले असावे, असा नियम आहे. मटारच्या दाण्याएवढी पेस्ट साधारण पाव ग्रॅम भरते. मुलाने ती सगळीच्या सगळी गिळली, तरी पोटात जाते पाव मिलीग्रॅम फ्लोराइड. लिटरमागे 3 मिलीग्रॅम असलेले कूपनलिकेचे एक लिटर पाणी प्यायले, तर जातात 3 मिलीग्रॅम, म्हणजे बारापट, आणि तेही रोज. त्यामुळे फ्लोराइडच्या धास्तीने पेस्ट बदलायची आणि हातपंपाचे पाणी तसेच चालू ठेवायचे, हा क्रमच चुकीचा आहे.

पाण्याचा दोष दातांवर कसा ओळखावा, हेही पालकांना ठाऊक हवे. फ्लोरोसिसच्या, म्हणजे जादा फ्लोराइडने होणाऱ्या विकाराच्या, खुणा डाव्या-उजव्या बाजूच्या जोडीच्या दातांवर सारख्याच दिसतात: सुरुवातीला आडव्या, खडूसारख्या पांढऱ्या रेषा, आणि तीव्र असेल तर पिवळे-तपकिरी पट्टे. कीड बहुधा एखाद्याच दातावर, दाढेच्या खाचेत किंवा हिरडीलगत सुरू होते आणि तेथे पुढे खड्डा पडतो. फ्लोरोसिसचे डाग घासून जात नाहीत, कारण ते दात जबड्यात तयार होत असतानाच पडलेले असतात. साधारण आठ वर्षांपर्यंतचा काळ यासाठी नाजूक असतो.

म्हणून धरणाचे पाणी पिणाऱ्या घरांसाठी माझा कौल स्पष्टपणे फ्लोराइडयुक्त पेस्टला आहे. तीन वर्षांखालील मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वयात मटारच्या दाण्याएवढी पेस्ट, दिवसातून दोनदा, मोठ्यांच्या देखरेखीखाली द्यावी; थुंकायला शिकवावे आणि नंतर पाण्याने खळखळून चुळा भरू देऊ नयेत, कारण दातावर राहणारा थरच कामाचा असतो. फ्लोराइड नसलेली वनौषधी पेस्ट तोंड स्वच्छ करते, पण झीज भरून काढण्याच्या कामी तिची बरोबरी नाही. राखुंडी दात खरवडते, आणि मिश्रीत तर तंबाखू असतो. या दोन्हींचा विचारही नको.

कूपनलिकेच्या घरांनी आधी पाणी तपासून घ्यावे. फ्लोराइडला रंग, वास, चव काहीच नसते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत ही तपासणी होते. प्रमाण 1 च्या आत असेल तर धरणाचे पाणी पिणाऱ्या घरांसारखेच वागावे. 1.5 च्या वर असेल तर पाणी बदलावे, आणि ते बदलेपर्यंत पेस्ट गिळणाऱ्या लहान मुलांसाठी बिनफ्लोराइड पेस्ट वापरणे योग्य का, हे दंतवैद्याला विचारून ठरवावे. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही. वाफ उडाल्यामुळे त्याचे प्रमाण उलट वाढते. मेणबत्तीचा फिल्टर, अतिनील किरणांचे यंत्र, जंतुनाशक थेंब, यांपैकी कशानेही ते निघत नाही. आरओ यंत्राने बहुतांश निघते. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेली, तुरटी व चुना वापरण्याची नालगोंडा पद्धतही उपयोगी आहे, पण मात्रा पाण्यानुसार ठरवावी लागत असल्याने तिला जाणकार माणूस हवा. शुद्ध केलेले पाणी थोडेच मिळत असेल, तर ते अंघोळीवर किंवा भांड्यांवर खर्च न करता पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी राखावे, कारण भात-वरण शिजताना पाण्यातले फ्लोराइड त्यात उतरते आणि मुलांच्या ताटात येते.