वाडियातली एमसीयू तपासणी: मुलाची लघवीची धार बारीक असेल तर

परळच्या बाई जेरबाई वाडिया मुलांच्या रुग्णालयात आमच्या चार महिन्यांच्या मुलाचं पीयूव्हीचं (पोस्टेरियर युरेथ्रल व्हॉल्व्ह) निदान एमसीयू तपासणीत, म्हणजे बाळ शू करत असताना काढलेल्या मूत्रमार्गाच्या एक्स-रेत, झालं, त्या सेवेबद्दल लिहितेय. पीयूव्ही फक्त मुलग्यांना होतो. मूत्रमार्गाच्या मागच्या भागात जन्मतःच पातळ पडदे असतात. लघवी बाहेर यायला लागली की ते शिडासारखे फुगतात आणि वाट अडवतात. साधारण 5 ते 8 हजार मुलग्यांमागे एकाला हा दोष असतो.

आमच्याकडे तालुक्याच्या ठिकाणी गरोदरपणातल्या सोनोग्राफीत बाळाच्या दोन्ही किडन्यांना सूज लिहिलेली होती. जन्मानंतर दुसऱ्याच दिवशी पुन्हा सोनोग्राफी केली आणि ‘सूज कमी आहे, काळजी नको’ म्हणून घरी पाठवलं. पहिले दोन दिवस बाळाला लघवीच कमी होते, म्हणून त्या वेळी सूज खरी आहे त्यापेक्षा कमी दिसू शकते, हे मला वाडियात कळलं. मधल्या काळात ताप आला की अँटिबायोटिक, पुन्हा ताप, पुन्हा अँटिबायोटिक. वजन जागचं हलेना.

वाडियात मुलांच्या सर्जरीच्या ओपीडीत मॅडमनी आधी विचारलं, “धार कशी आहे? लांब जाते की थेंब थेंब?” मग डायपर काढून ठेवायला सांगितला आणि बाळाने शू करेपर्यंत खरंच थांबल्या. कुंथून कुंथून थेंब आले. त्यानंतर त्यांनी बेंबीखाली हात ठेवला, तर शू झाल्यावरही मूत्राशय टणक लागत होतं. माझाही हात तिथे ठेवून दाखवलं. धार डोळ्यांनी बघायची ही पद्धत मला फार मोलाची वाटली.

सोनोग्राफीत मूत्राशयाची भिंत जाड आणि मूत्राशयालगतचा मूत्रमार्ग रुंद दिसला. पण पक्कं निदान एमसीयूवर होतं. आधी लघवीचं कल्चर करून इन्फेक्शन आटोक्यात आणलं, कारण इन्फेक्शन असताना ही तपासणी करत नाहीत. मग शूच्या जागेतून बारीक फीडिंग ट्यूब आत घातली. टोकाला फुगा असलेली, त्या फुग्याने आत टिकून राहणारी नळी का नाही, असं मी विचारलं. अशा मूत्राशयात फुगा आतून टोचतो, त्याने आकडी आल्यासारखं मूत्राशय आवळतं आणि किडनीकडून येणारी वाटही अडू शकते, असं सिस्टरनी सांगितलं. नळीतून डाय (एक्स-रेत उठून दिसणारं औषध) हळूहळू सोडतात आणि बाळ शू करत असतानाच एक्स-रे काढतात. तो क्षण चुकला तर तपासणी फुकट. मला शिशाचा एप्रन घालून आत थांबू दिलं. बाळ रडलं, पुष्कळ रडलं, पण टेक्निशियनने घाई केली नाही.

फिल्मवर सगळं समोर होतं: पडद्याच्या वर फुगलेला मूत्रमार्ग, खाली एकदम दोऱ्याएवढा. मूत्राशयाची कड खडबडीत. डाय डाव्या किडनीपर्यंत उलटा चढलेला. पीयूव्हीच्या निम्म्या मुलांत असं होतं म्हणे. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी, 0.9 होतं. मोठ्या माणसाला ठीक असलेला हा आकडा एवढ्या बाळाला जास्त असतो, हेही त्यांनी नीट समजावलं. काही दिवस नळी ठेवून ते खाली आणलं आणि मगच दुर्बिणीतून पडदा कापला.

पडदा कापला म्हणजे संपलं, असं तिथे कुणीही सांगितलं नाही, याचंही मला बरं वाटलं. मूत्राशयाला जी सवय लागलेली असते ती राहते, किडन्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं. पहिल्या वर्षात क्रिएटिनिन 0.8 च्या खाली गेलं तर पुढची आशा चांगली, आमचं गेलंय. काही मुलांच्या किडन्या तरीही पुढे थकतात, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं.

ज्यांना जायचंय त्यांनी गरोदरपणातल्या सोनोग्राफीच्या फिल्म न्या, नुसता रिपोर्ट नको. बाळ शू करताना मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. पाजायचं कधी, ते तपासणीच्या आदल्या दिवशीच विचारून घ्या. आणि किडनीला सूज लिहिलेली असेल, तर दुसऱ्या दिवसाच्या सोनोग्राफीवर थांबू नका, आठवड्याभराने पुन्हा करायला सांगा. धारच बारीक असेल तर तेवढंही थांबू नका, थेट मुलांच्या सर्जनकडे जा.