खात्यात आलेले ५५,००० रुपये आमचे नव्हतेच

पैसे खरोखर जमा झाले होते. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर "क्यूआर स्कॅन करून पिन टाकला असेल" असं म्हणत अर्धे लोक इथेच थांबतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. बदली झालेला फौजी, खोटा स्क्रीनशॉट, "आधी पाच रुपये पाठवून बघतो", हे आमच्या जुन्या वस्तूंच्या धंद्यातल्या प्रत्येकाने झेललंय. समोरच्याकडून पैसे मागणाऱ्या कलेक्ट रिक्वेस्टचा खेळ तर युपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तींमधल्या व्यवहारात बंदच केला. आम्ही स्क्रीनशॉटवर गेलो नाही. बँकेचं अ‍ॅप उघडून शिल्लक बघितली आणि मगच माल हलवला. तरीही माल गेला, वर खातं गोठलं, आणि दुसऱ्या एका राज्यातल्या पोलिसांच्या कागदावर आमचं नाव आरोपीच्या रकान्यात बसलं.

माल काय होता ते लिहितो. तांब्याचा बंब, वजन ११ किलो ४०० ग्रॅम, जाळी शाबूत, तोटी नवीन: आमची खरेदी ११,०००, विक्री १७,५००. किल्लीचं लंबकाचं भिंतीवरचं घड्याळ, ठोक्यांसकट चालू: ९,५०० ला घेतलं, १४,८०० ला दिलं. पितळी समयांची जोडी: ६,७०० ची ९,५०० ला. फिरकीचे चार तांबे: ४,००० चे ५,००० ला. एकूण विक्री ४६,८००, त्यात आमचे गुंतलेले ३१,२००. पॅकिंगचे १,१५० वेगळे, कारण घड्याळाला प्लायची पेटी लागते. लंबक काढून निराळा बांधावा लागतो, नाहीतर तो ज्या पातळ पट्टीला टांगलेला असतो ती पहिल्याच खड्ड्यात तुटते, आणि मुंबई-गोवा हायवेवर पहिला खड्डा फार लांब नसतो.

अकरा हजारांचा बंब साडेसतरा हजारांना म्हणजे लूट, असं ज्यांना वाटतं त्यांनी एखादा बंब एकदा दुरुस्त करून बघावा. मधली नळी आणि तळ जिथे जुळतात तिथे तो हमखास पाझरतो. रात्रभर पाणी भरून ठेवल्याशिवाय कळत नाही. डाख द्यायला चांगला माणूस आता तालुक्यात शोधावा लागतो. डाख नीट बसला नाही तर विस्तव घातल्यावर पुन्हा सुटतो, आणि गिऱ्हाईक वस्तू परत पाठवतो ते भाडंही आपल्याच बोकांडी.

गिऱ्हाईक म्हणून जो आला त्याने वेंगुर्ल्याकडे होमस्टे काढतोय असं सांगितलं. त्यात अविश्वास ठेवण्यासारखं काहीच नाही. हल्ली आमचा निम्मा माल होमस्टेवालेच उचलतात. पडवीत बंब, माजघरात घड्याळ, कोनाड्यात समई, की झाला "कोकणी वाडा". भाषा आपल्याकडचीच. वर म्हणाला, "दादा, बंब चिंच लावून घासू नका हां, काळा पडलाय तसाच हवाय." जुन्या वस्तूंची जाण असलेला माणूसच हे बोलतो. नवखा गिऱ्हाईक चकचकीत मागतो. म्हणजे या लोकांनी आमच्यासारख्यांच्या जाहिराती आणि त्याखालची बोलणी वाचून धडा पाठ केलेला असतो.

पण त्याने वजन विचारलं नाही. तांब्या-पितळेचा गिऱ्हाईक, मग तो वेंगुर्ल्याचा असो की दादरचा, पहिला प्रश्न "किती किलो?" हाच विचारतो. वजनाला मोडीचा भाव लावून आपण वर किती घेतो ते तो मनातल्या मनात काढतो. घड्याळवाला यंत्राचा फोटो मागतो, स्प्रिंग बदललीय का विचारतो, ठोके बरोबर पडतात का याचा व्हिडिओ मागतो. याने काहीही मागितलं नाही. घासाघीसही नाही. ४६,८०० म्हटले, "चालेल" म्हणाला.

आणि मग पैसे. चौथा शनिवार, बँका बंद. दुपारी २०,००० आले, थोड्या वेळाने पुन्हा २०,०००, मग १५,०००. पहिले दोन एका बाईच्या नावाने, तिसरा एका पुरुषाच्या, आणि दोघांपैकी एकही नाव त्याने आम्हाला सांगितलेलं नव्हे. विचारलं तर म्हणाला, बायकोच्या खात्याचं लिमिट संपलं, उरलेले पार्टनरने टाकले. घोडं अडायला हवं होतं ते इथे. युपीआयची दिवसाची मर्यादा सर्वसाधारण व्यवहाराला एक लाख आहे. ४०,००० वर कसलं लिमिट संपतं? ही ओळ मी आता इतक्यांदा वाचलीय की त्यातलं लेखनही पाठ झालंय: "मिसेसचं लिमिट झालं दादा, ५ मिनटं". संताप होतो.

आता कुणी म्हणेल, नाव वेगळं दिसत होतं तर माल दिलात कशाला. अहो, इथे नाव जुळतं कधी? गिऱ्हाईक रत्नागिरीत, पैसे ठाण्याच्या चाकरमान्या मुलाचे, आणि वस्तू सासऱ्यांकडे. जावई पैसे टाकतो, मेव्हणा टेम्पो पाठवतो. नाव जुळल्याशिवाय माल द्यायचा नाही असं ठरवलं तर अर्धा धंदा बंद करावा लागेल. शिवाय काही सहकारी बँकांनी आपल्या खातेदारांना स्वतःचं कमी लिमिट लावलेलं असतं, त्यामुळे त्याचं बोलणं अगदीच अशक्य नव्हतं.

५५,००० म्हणजे ८,२०० जास्त. त्याचं उत्तरही तयार होतं: टेम्पोचं भाडं चुकून तुमच्याकडेच आलं, ते चालकाच्या नंबरवर परस्पर टाका, तो तिठ्यावर उभा आहे. टाकले. टेम्पो आला, माल चढला, गेला. चालकाला यातलं काही माहीत होतं की तोही भाड्याने बोलावलेला, हे आजतागायत कुणी तपासलेलं नाही.

ही गाडी चालते कशी ते नीट समजून घ्या. तिकडे कुठेतरी एका बाईला पार्टटाइम कामाच्या नावाखाली, किंवा असल्याच एखाद्या थापेने, "एवढे भरा" असं सांगतात. भरण्यासाठी क्यूआर पाठवतात तो आमचा, म्हणजे वस्तूचे पैसे घ्यायला आम्ही दिलेला. तिचे पैसे थेट आमच्या खात्यात. चोराचं खातं मध्ये येतच नाही. आमचा माल त्याच्या हातात, आणि तांबं-पितळ म्हणजे रोकडच. कुठल्याही मोडीच्या दुकानात वजनावर पैसे. भाड्याच्या नावाने ८,२०० रोख सुटले ते निराळेच. ती बाई १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करते, व्यवहाराचा बारा आकडी नंबर देते, आणि तो नंबर बोट दाखवतो आमच्याकडे. तिच्या दृष्टीने तिला लुटणारे आम्हीच. तिचाही दोष नाही.

पेट्रोलचे २०० रुपये गेले नाहीत तेव्हा खातं गोठल्याचं कळलं. बँकेने फोन केला नाही, एसएमएस नाही. वाद ५५,००० चा, पण अडवले १,१२,६४० चे सगळे, ज्यात गणपतीआधी समया आणि घंगाळी उचलण्यासाठी ठेवलेले पैसे होते. सिझन गेला.

मग सुरू झाली टोलवाटोलवी. शाखेत म्हणाले, "वरून होल्ड आहे, आमच्या हातात काही नाही." वरून म्हणजे कुठून? तक्रार क्रमांक काय? ते सांगायलाही तयार नाहीत. लेखी अर्ज दिल्यावर एका कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर राज्याचं नाव आणि एक ईमेल लिहून दिला. ईमेलला उत्तर नाही. १९३० वर विचारलं, "तुमच्या खात्यातून किती गेले?" म्हटलं, ८,२००, आणि ४६,८०० चा माल. "मालाचं इथे नाही घेत." म्हणजे तक्रार नोंदली ती ८,२०० ची. जवळच्या ठाण्यात गेलो तर ऑनलाइन व्यवहार आहे, सायबरकडे जा. सायबरला गेलो तर माल तुमच्या हद्दीत दिलात, तिथेच द्या. ठाण्यात परत, तर साहेब बंदोबस्ताला. एकाने वर तोंड करून विचारलं, "पैसे तर तुम्हाला मिळाले ना, मग फसवणूक कसली?" दुसऱ्याने त्याहून कहर केला: पुरातन वस्तू विकायचं लायसन्स आहे का? पुरातन म्हणजे १९७२ च्या कायद्याप्रमाणे किमान शंभर वर्षं जुनी वस्तू, आणि त्या बंबावर सन १९५८ असं ठसठशीत घातलेलं होतं. हे सगळं सांगत बसायचं, तेही चोरी झालेल्या माणसाने. तिठ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात टेम्पो दिसला असता. पोलिसांचं पत्र आणा, मग देतो, असं दुकानदार म्हणाला. पत्र मिळेपर्यंत जुनं चित्रण पुसलं गेलं. कॅमेऱ्यात चित्रण किती टिकतं हे ज्यांना आमच्याहून चांगलं माहीत असतं त्यांनीच वेळ काढला. आणि शेवटी त्या राज्यातल्या तपास अधिकाऱ्यांशी बोलणं झालं, तर ते म्हणाले, कागद घेऊन समक्ष या. सुटायचे आपलेच पैसे, आणि त्यासाठी रेल्वेचं तिकीट काढून आरोपी म्हणून हजर व्हायचं.

हद्दीचं कारण सांगून कुणी हाकललं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ पुढे ठेवा. गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. तरी घेतली नाही तर त्याच कलमाखाली लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते. फसवणुकीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३१८, जुनं ४२० जुलै २०२४ पासून गेलं. अर्जात ४२० लिहिलंत तर तेवढ्यावरूनही परत पाठवतील. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.

बँकेकडे तोंडी बोलू नका. लेखी मागा: तक्रारीचा क्रमांक, कुठलं ठाणं, किती रक्कम, कुठल्या व्यवहारावर. आणि त्याच अर्जात, होल्ड फक्त वादातल्या रकमेपुरता ठेवा, बाकी खातं सोडा, अशी मागणी करा. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्येच बँकांना नेमकं हेच सांगितलंय. आमचे ५७,६४० असेच सुटले, पण अर्ज द्यावा लागला. आपणहून कुणी सोडत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. ५५,००० मात्र अडकलेलेच आहेत. पोलिसांनी जप्ती केली की दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं आणि रक्कम सोडवायचा अर्जही तिथेच करायचा असतो, हे बँकेत कुणी सांगणार नाही. ते पैसे ज्यांचे त्यांना परत गेले तर जावोत. पण मग मालाचे ३१,२००, पॅकिंगचे १,१५० आणि भाड्याचे ८,२०० मिळून ४०,५५० रुपये आमच्या खिशातून गेले, त्याला वाली कोण?

जास्तीची रक्कम आली तर ती ज्या खात्यातून आली त्याच खात्यात परत करायची. चालक, हमाल, मेव्हणा, कुणाच्याही नंबरवर नाही. गिऱ्हाईक अडून बसला तर सौदाच नको.

धंद्याचं खातं घरखर्चाच्या खात्यापासून तोडा, आजच. विक्रीच्या खात्यात पैसे साठवू नका. मालाचे पैसे आले, माल पोचला, की उचलून दुसरीकडे.

पैसे टाकणाऱ्याचं नाव वेगळं असेल तर त्याच्याशीच बोला. त्याच्या युपीआय आयडीत बऱ्याचदा मोबाईल नंबर असतो, तो लावा. गिऱ्हाईकाने दिलेला नंबर नको, तिथे त्याचाच माणूस बसलेला असणार. "कशाचे पैसे टाकलेत?" एवढंच विचारा. "बंबाचे" म्हणाला तर ठीक. ती बाई "कामाच्या रजिस्ट्रेशनचे" म्हणाली असती आणि तिचेही पैसे वाचले असते. हे करायला दोन मिनिटं लागतात, जी पॅकिंगच्या घाईत कुणाकडेच नसतात हे मलाही कळतं.

खरेदीची पावती तर हवीच हवी: घरमालकाचं नाव, सही, ओळखपत्राची प्रत, वस्तूचं वजन. तपास अधिकाऱ्यांनी आमच्याकडे पहिली हीच मागितली आणि ती होती म्हणून पुढचं बोलणं तरी झालं. विक्रीचं बिलही लगेच बनवा, नंतर बनवलेलं बिल तारखेवरून ओळखू येतं. माल चढताना गाडीचा मागून फोटो घ्या, नंबरप्लेट चिखलाने माखलेली असेल तर पाणी ओतून. आमच्याकडे फक्त बाजूचा फोटो आहे.

कुडाळपासून चिपळूणपर्यंत मोडीच्या दुकानांत जाणारे, माल उचलणारे जे कुणी हे वाचत असतील त्यांच्यासाठी: बंबाच्या तोटीच्या वर टिंबाटिंबांनी नाव घातलेलं आहे, खाली सन १९५८, तीन पायांपैकी एक पाय मागाहून जोडलेला, त्याचे रिवेट लोखंडी. समयांपैकी एकीच्या बैठकीला आतून शिसं भरलेलं आहे, म्हणून ती जोडीतल्या दुसरीपेक्षा ६०० ग्रॅमने जड लागते. घड्याळाच्या दाराची काच खालच्या उजव्या कोपऱ्यात तडकलेली. यातलं काही दिसलं तर विकत घेऊ नका, फोटो काढा आणि वजनाची चिठ्ठी मागून घ्या.